मांजामेली बंधू, कातानिया

एर्सिलिया त्रिगोनाचा डोळा होता डुकराच्या खारवलेल्या तंगडीवर. चर्चच्या सोडतीत पहिलं बक्षीस तेच होतं, चांगली एटना डोंगराच्या उतारावरून आणलेली, मिरी चोळलेली तंगडी. ती गेली औषधांच्या दुकानदाराला, ज्याला डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. एर्सिलियाच्या नंबराला निघाली गिटार. जुनी, धुळकट, एक तार तुटलेली.

"खा आता भाजून!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं अंगण हसलं.

एर्सिलियाही हसली. ती ड्रायव्हिंग शिकवायची. कातानियाच्या रस्त्यांवर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तिची कातडी चांगली निबर झाली होती. लहानपणी वडिलांनी तिला चारदोन गाणी वाजवायला शिकवली होती. घरी येऊन तिनं धूळ पुसली, उरलेल्या तारांचा सूर लावला आणि सहज बोटं फिरवली.

तिची बोटं थांबली. एवढ्याशा खोक्यातून असा आवाज? गोड होता, पण पुळचट नव्हता. शेजारची बाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, ती म्हणाली, "रेडिओ जरा मोठा कर गं."

एर्सिलियानं गिटार उजेडाकडे धरून आत डोकावून पाहिलं. आत पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एका मधमाशीचं चित्र आणि खाली छापलेलं: मांजामेली बंधू, कातानिया.

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन भावाकडे गेली. कोर्रादो तिच्याहून मोठा. बापाच्या मागं त्यानंच गिटार दुरुस्तीचं दुकान चालू ठेवलं होतं. कातानियात कधीकाळी गल्लोगल्ली गिटारी बनत आणि पेट्या भरभरून जहाजानं जगभर जात. त्यातला प्रत्येक कारागीर, त्याचा बाप आणि त्याची भांडणं कोर्रादोला तोंडपाठ होती. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

त्यानं चिठ्ठी वाचली आणि गिटार परत तिच्या हातात दिली.

"मांजामेली बंधू म्हणून कोणी नव्हते."

"नव्हते कसे? इथं छापलंय की."

"छापायला काय लागतं? उद्या मी छापीन, 'एर्सिलिया त्रिगोना, उत्तम स्वयंपाकीण'. कोण विश्वास ठेवणार आहे?"

"दादा, आधी वाजवून तर बघ."

त्यानं वाजवली. मग तिच्याकडे पाठ करून पुन्हा वाजवली. बोटाच्या पेरानं तबलीवर, म्हणजे पुढच्या फळीवर, टकटक केलं, तारा पेलणाऱ्या घोडीखाली नख घालून पाहिलं. घोडी एका बाजूनं उचलली गेली होती.

"बरी आहे," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून 'बरी' म्हणजे काय, हे एर्सिलियाला चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही तो 'बरं' एवढंच म्हणाला होता.

"मग कोणी केली ही?"

"मला काय माहीत? पण मांजामेलींनी नाही. अगं, मांजामेली म्हणजे एकतर खाटीक नाहीतर वकील. हातात करवत धरणारा मांजामेली मी पाहिला नाही."

एर्सिलियानं फोनवर शोधलं. नॉर्वेतल्या एका माणसानं तशाच मधमाशीच्या चिठ्ठीचा धूसर फोटो टाकून विचारलं होतं, 'कोणाला माहिती आहे का?' खाली एकही उत्तर नव्हतं. म्हणजे गिटार एकटी नव्हती. जगात तिची भावंडं होती. तिला चेव चढला.

पुढचे काही दिवस तिच्या विद्यार्थ्यांना कळेना, की आपल्याला नेहमीच्या रस्त्यानं का नेत नाहीत. "इथं डावीकडे घे. आता त्या खाटकाच्या दारात लाव." मग ती खिडकीतून मान बाहेर काढून विचारायची, "अहो मांजामेली, तुमच्या घराण्यात कोणी गिटारी करायचं का?" खाटीक म्हणाला, आमच्याकडे सगळे भसाड्या आवाजाचे. एका वकिलानं आधी विचारलं, ही चौकशी कोणाच्या वतीनं चालली आहे? केस कापणाऱ्या एका मांजामेलीनं गिटार बघून खांदे उडवले आणि तुमचे केस मागून वाढलेत म्हणाला. गाडी लावणं मात्र सगळे विद्यार्थी झकास शिकले.

"सापडले का तुझे भाऊ?" कोर्रादो रोज संध्याकाळी फोन करून विचारी.

"एक भाऊ आहे, तोच जड झालाय," ती म्हणे आणि फोन ठेवी.

त्या आठवड्यात तिच्याकडे सिस्टर लेत्तेरियाचा धडा होता. ही जोगीण गोल चेहऱ्याची, हसरी, आणि गाडी चालवताना महाभयंकर. मठाच्या बायका म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम चालवायच्या. त्यांना कोणीतरी गाडी दान केली होती आणि ती चालवायची आज्ञा हिला झाली होती. ती गिअर टाकताना डोळे मिटायची.

"सिस्टर, डोळे उघडे ठेवा हो."

"प्रार्थना करते मी."

"प्रार्थना सिग्नलला करा. तिथं वेळ असतो."

सिग्नल लागला तेव्हा सिस्टरनं आरशात पाहिलं आणि मागच्या सीटवरची गिटार तिला दिसली. "अगंबाई! ही व्हेनेरिनाला दाखवायला हवी."

"कोण व्हेनेरिना?"

"आमच्या आश्रमातली आजी. ती येताजाता लाकडावर टकटक करते. दार, कपाट, टेबल, काही सोडत नाही. नव्या कपाटाला म्हणाली, 'हे बहिरं आहे.' परवा पाद्रीबाबा प्रवचन देत होते, तर हिनं बाकावर टकटक करून मधेच सांगितलं, 'हे मात्र चांगलं सुकवलंय.'"

"आडनाव काय तिचं?"

"मांजामेली."

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता, पण एर्सिलियाला त्याचं भान नव्हतं. सिस्टरला तर नव्हतंच.

रविवारी जेवणानंतर एर्सिलिया कोर्रादोला ओढूनच आश्रमात घेऊन गेली. "चल रे. फार तर काय होईल, तू बरोबर ठरशील. तुला आवडतं ना ते?"

व्हेनेरिना अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसून ब्रियोशचा गोड पाव बदामाच्या बर्फगार ग्रॅनिटात बुडवून खात होती. बारीक चणीची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. हात मात्र तिच्या अंगाच्या मानानं मोठे, पेरं जाड झालेली. एर्सिलियानं काही न बोलता गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

आजीनं चिठ्ठी पाहिलीच नाही. तिनं तबलीवर टकटक केलं आणि कान तिरका केला. मग थोडं खाली. मग घोडीजवळ. ग्रॅनिटा वितळून चालला होता. तिच्या ओठांचा कोपरा हलायला लागला आणि एकदम ती हसायला लागली, इतकी की सिस्टर पाणी घेऊन धावली.

"कुठं होती ही सटवी?" डोळे पुसत ती म्हणाली.

"आजी, तुमच्या भावांनी केली का ही?" एर्सिलियानं विचारलं.

"भाऊ? कुठले भाऊ? आम्ही तिघी बहिणी. मी, इन्यात्सिया आणि धाकटी पिना. आईनं भावासाठी नवस केले केले आणि कंटाळून सोडून दिले."

कोर्रादो पुढं सरकला. "मग हे 'बंधू'?"

"तू कोण रे?"

"माझा भाऊ," एर्सिलिया म्हणाली. "गिटारी दुरुस्त करतो. म्हणतो, मांजामेली बंधू नव्हतेच."

"बरोबर म्हणतो," आजी म्हणाली. एर्सिलियाकडे विजयी नजर टाकायची कोर्रादोची संधी मात्र हुकली, कारण आजी लगेच पुढं म्हणाली, "नव्हतेच. त्यांना आम्ही जन्माला घातलं."

मग तिनं सगळं सांगितलं. तिघी बहिणी घरी बसून गिटारींची अंगं करायच्या. चिकटवायला सरस शिजवायचा, फळ्या वाकवायच्या, तबल्या घासायच्या. दुकानदार येऊन ती घेऊन जायचे आणि त्यात आपापल्या नावाची चिठ्ठी डकवायचे. एक दिवस पिना म्हणाली, सगळं आपण करायचं आणि त्यांनी फक्त थुंकी लावून कागद चिकटवायचा? मग तिघींनी आपली गिटार केली, नखशिखांत. व्हेनेरिना ती घेऊन बंदरावरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. तो माल परदेशी पाठवायचा. त्याला गिटार फार आवडली. त्यानं विचारलं, कोणी केली?

"मी खरं सांगणार होते," आजी म्हणाली. "तोंड उघडलंही होतं. पण तो माझ्या मागं दाराकडे बघत होता, कोणी पुरुषमाणूस येतोय का म्हणून. मी म्हटलं, माझे भाऊ करतात. लाजाळू आहेत, कुठं जात नाहीत."

"आणि त्यानं मानलं?" सिस्टरनं विचारलं.

"आनंदानं! मोठा प्लाचिदो, मधला आजेओ, धाकटा बारका. बारक्याला नाव सुचलं नाही, तो बारकाच राहिला. व्यापारी म्हणे, भेटायला येतो. आम्ही म्हणायचो, आजेओला ताप आहे. पुढच्या खेपेला, प्लाचिदो डोंगरात लाकूड आणायला गेलाय. एकदा तो न सांगता आलाच, तर पिनानं आतल्या खोलीत जाऊन जाड आवाजात असं खोकून दाखवलं, की त्यानं दारातूनच खोकल्याचं औषध देऊन पळ काढला."

एर्सिलिया पोट धरून हसत होती. कोर्रादोही हसत होता, पण त्याचे डोळे गिटारीवरच होते.

"मग बंद का पडलं?" त्यानं विचारलं.

"त्यानं प्लाचिदोला स्वतःची मुलगी देऊ केली," आजी म्हणाली. "इतका गुणी मुलगा, म्हणे. दारू नाही, जुगार नाही, कामाशी काम. हुंड्यात घर द्यायला तयार झाला. आता नवरदेव आणायचा कुठून? शेवटी प्लाचिदोला आम्ही ऑस्ट्रेलियाला पाठवला. बंदरावर जाऊन रुमाल हलवून रडून आलो तिघी. लोकांना वाटायला नको का? आणि व्यापारी काय म्हणाला माहीत आहे? मोठा भाऊ गेला, आता पूर्वीसारखा माल व्हायचा नाही. आणि घेणं बंद केलं."



"तुम्ही सांगायचं होतंत त्याला, की आम्हीच करतो," एर्सिलिया म्हणाली.

"सांगितलं. शेवटी मी सांगितलं. त्याला वाटलं, भावाच्या विरहानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला." आजीनं खांदे उडवले. "पुन्हा दुसऱ्यांसाठी अंगं करत राहिलो. पोट भरलं. इन्यात्सियानं आणि पिनानं लग्नं केली, त्यांच्या पोरांची पोरं झाली. दोघी गेल्या आता. पण मी या गिटारी वाजताना फारशा कधी ऐकल्याच नाहीत, बघ. पॉलिश वाळलं की पेटीत आणि पेटी जहाजात. वाजव बघू."

एर्सिलिया ओशाळली. "मला चारदोन गाणी येतात फक्त."

"मला गाणी करता आली नाहीत, गिटारी आल्या. वाजव."

तिनं वाजवलं. एका ठिकाणी चुकली, पुन्हा धरलं. सिस्टर लेत्तेरिया गुणगुणू लागली. गाडीत बसल्यावर ज्या बाईला डावं-उजवं कळत नसे, तिचा सूर इथं तसूभरही ढळत नव्हता. बाल्कन्यांतून म्हातारी माणसं वाकून बघायला लागली. एक आजोबा चमचा कपावर वाजवत बसले. व्हेनेरिनाचा हात गिटारीच्या कडेवर होता. गाणं संपलं तरी तिनं तो काढला नाही.

"घोडी उचलली गेलीये," ती हळूच म्हणाली. "सरस आहे का रे तुझ्याकडे? हाडांचा, खरा?"

"आहे," कोर्रादो म्हणाला. "उद्या न्यायला येऊ का तुम्हाला?"

"उद्या नको, उद्या रक्त काढणार आहेत. परवा ये."

ठरल्या दिवशी ती दुकानात आली आणि पहिल्याच तासाला तिनं कोर्रादोच्या सरसाच्या भांड्याला नावं ठेवली. आच फार आहे म्हणाली. दर आठवड्याला येऊ लागली तशी भांडणंही ठरलेली झाली: आच, पॉलिश, खिडकी उघडी की बंद. एर्सिलिया धडे संपवून यायची, तेव्हा दोघं एकमेकांशी अबोला धरून शेजारी शेजारी काम करत असायची. आईनंतर कोर्रादोला इतकं कोणी झापलं नव्हतं, आणि तो हल्ली सकाळी शीळ घालत दुकान उघडायचा.

एका संध्याकाळी त्यानं छोटा आरसा आणि दिवा गिटारीच्या पोटात घालून आतली प्रत्येक पट्टी न्याहाळली. मग त्यानं बहिणीला हाक मारली. आवाज गंभीर होता.

"इकडे ये, एर्सिलिया. हे बघ. खर्जाच्या बाजूची पट्टी टोकाकडे एकदम पातळ होत गेलीये. असं कोणीच करत नाही. या आवाजाचं गुपित हे आहे! तबलीला इथं श्वास घ्यायला जागा दिलीये. काय विचार केला असेल बाईंनी!" तो आजीकडे वळला आणि चक्क टोपी काढली. "तुम्ही हे का केलंत, मला खरं सांगा."

व्हेनेरिनानं आरशात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे इन्यात्सियाचं काम," ती म्हणाली. "शनिवार असणार. तिला सिनेमाला जायची घाई असायची."