गाळलेल्या हाका

आमच्या साहेबांचं डोकं म्हणजे रिकामा डबा. हे मी कारखान्यात कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

त्यांनी सगळ्यांकडून लिहून घेतलं की काम अडलं की तुम्ही कुणाकडे जाता. उत्तरांची यादी माझ्या गळ्यात. मी प्रोग्राम लिहायचा, हजेरीपटावरच्या प्रत्येकाचा एक ठिपका, आणि विचारणाऱ्यापासून ज्याला विचारतात त्याच्यापर्यंत रेघ. ज्याच्याकडे एकही रेघ येत नाही, तो घरी. हजेरीपटावर नसलेली नावं सरळ गाळ, असंही वर बजावलं. मी म्हटलं, थांबा, ती नावं आधी बघू द्या. थांबतात कसले! चित्र उचललं आणि कामावरून कमी केल्याचं पत्र काढून मोकळे.

कोपऱ्यात एकच ठिपका उघडा पडला होता, स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींचा. ज्यांच्यावाचून इथलं पान हलत नाही, त्यांना म्हणे कुणी विचारत नाही. माझं टाळकंच सटकलं.

गाळलेली नावं उघडून बसले. फिटरने लिहिलं होतं मावशी, पॅकिंगच्या पोरींनी काकू, ड्रायव्हरने अक्का, हिशेबनिसांनी ताई. अहो, त्यांचं कागदोपत्री नाव इथे घेतंय कोण? आणि प्रोग्रामला काय डोंबल नातीगोती कळतात! या सगळ्या हाका एकाच बाईंच्या, असं त्याला बसवून सांगितलं, पुन्हा चालवला, तर मावशी मधोमध आणि जिकडून तिकडून रेघा त्यांच्याकडे. यादीत एकच उत्तर उरलं होतं, 'स्टोअरच्या बाई'. लिहिणारे स्वतः साहेब.

चित्र नेऊन त्यांच्या टेबलावर आपटलं.

"या बाई कोण, साहेब?"

त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि पत्र परत आणायला मलाच पिटाळलं. स्वतः जायला काय पाय मोडले होते?

मावशी किल्ल्या जुडग्यातून सोडवत होत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं, साहेबांचा यथेच्छ उद्धार केला आणि पत्र मागितलं. त्यांनी किल्ल्या परत जुडग्यात ओवल्या. पत्र मात्र घडी घालून पर्समध्ये टाकलं. मी पुन्हा हात पुढे केला.

"इतक्या वर्षांत मला इथे पूर्ण नावानं हाक मारली ती या कागदानंच," त्या म्हणाल्या. "हा नाही मिळायचा."