शिटी थांबली की मग

एवर्ट नोरलिंगने पियानो सुरात लावायचं सोडलं, त्याला या जूनमध्ये आठ वर्षं झाली. सोडलं म्हणजे तसं त्याने जाहीर काही केलं नव्हतं. कोणी विचारलं की तो म्हणायचा, कानातली ही शिटी एकदा थांबू दे, मग बघू. शिटी काही थांबली नाही, विचारणारे मात्र थांबले. त्याची चामड्याची हत्यारांची पिशवी तळघरात बटाट्यांच्या खोक्यामागे जाऊन पडली, आणि गावाने त्याला म्हाताऱ्यांच्या यादीत टाकून दिलं.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी इल्वा दारात उभी राहिली तेव्हा त्याला वाटलं, ही सहज आली असेल. इल्वा ग्रानलीडेनच्या शाळेची मुख्याध्यापिका. लहानपणी ती एवर्टच्या बायकोकडे, मायकेनकडे, त्याच शाळेत गाणं शिकली होती. वेलदोड्याचे पाव घेऊन आली होती, पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नव्हती. कॉफी ओतून व्हायच्या आत तिने सांगून टाकलं. शाळा बंद होतेय. अकरा मुलं उरलीत, ती ऑगस्टपासून बसने मोठ्या गावी जातील. सात जूनला वर्षाचा शेवटचा दिवस, तोच शाळेचाही शेवटचा. आणि सोमवारी सामान न्यायला ट्रक येणार, त्यात पियानोही.

"मुलं इतकी वर्षं कीबोर्डवर गातायत," ती म्हणाली. "शेवटचं गाणं तरी मायकेनच्या पियानोवर व्हावं असं मला वाटतं. लावशील?"

एवर्ट म्हणाला की शहरातून एखादा माणूस बोलाव. इल्वा म्हणाली, बोलावला असता, पण मला माणूस नकोय, तू हवा आहेस. विचार करून सांगतो, असं त्याने मोघम सांगितलं. ती गेल्यावर चारही पाव त्याने एकट्याने संपवले, आणि त्याला भूकही नव्हती.

चौतीस वर्षं त्याने तो पियानो लावला होता. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी. मायकेन मुलांना बाहेर पिटाळायची आणि शिडीवर चढून हॉलच्या भिंतींना बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या बांधत बसायची. त्या पानांचा हिरवा वास, नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीचा वास, आणि थर्मासमधली कॉफी. एवर्टचं काम म्हणजे दिवसभर तोच तो सूर वाजवत राहणं. एका सुराच्या तीन तारा असतात, त्या जरा वेगळ्या असल्या की आवाजात हेलकावा येतो. किल्लीने तार ताणत न्यायची, हेलकावा मंदावत जातो, तो थांबला की किल्ली सोडायची. विद्या एवढीच, पण ती हातात यायला दहा वर्षं लागतात. ऐकणाऱ्याचं डोकं उठतं, मायकेनचं कधी उठलं नाही. ती शिडीवरून खिडकीकडे तोंड करून म्हणायची, "झालं का रे?" आणि झालं की खाली उतरून, हाताला लागलेला चीक पुसत, बाकावर बसून मनाला येईल ते वाजवायची. एवर्ट पायरीवर बसून पाव खात ते ऐकायचा. जगात आपल्याइतका सुखी माणूस नसेल, असं त्याला त्या वेळी वाटायचं, आणि त्यात फारशी चूक नव्हती.

मग कानात शिटी आली. बारीक, उंच, चोवीस तास. सुरुवातीला त्याने ती कोणाला सांगितली नाही, कारण पियानो लावणाऱ्याच्या कानात शिटी म्हणजे आचाऱ्याच्या जिभेला चव नसणं. आणि त्याच वर्षी त्याने ती चूक केली. अगदी वरच्या टोकाचे सूर इतके बारीक असतात की तिथे चांगल्या कानालाही धडपडावं लागतं. त्या बुधवारी एवर्टला वाटलं, आज काय स्वच्छ ऐकू येतंय! तो तार ताणत गेला, ताणत गेला, आणि ती शिटीशी जुळली तिथे त्याने किल्ली सोडली. स्वतःच्या दुखण्याशी त्याने शाळेचा पियानो जुळवला.

शुक्रवारी, शाळेच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मायकेनने वाजवायला घेतलं. शेवटच्या गाण्यात तिचा हात उजवीकडे वर गेला आणि तिथून असा काही आवाज निघाला की पुढच्या रांगेतल्या मुलांनी कान झाकले. मागे कोणी तरी हसलं. मायकेनचे खांदे क्षणभर वर आले आणि मग ती तशीच वाजवत राहिली. घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एवर्टने त्या दिवशी कानाला खडा लावला.

पुढची दोन वर्षं मे महिन्यात मायकेनने विचारलं, या वर्षी? आणि तो म्हणाला, शिटी थांबली की मग. तिसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही. तेव्हा ती आजारी होती, आणि त्या हिवाळ्याच्या आत गेली.

आता रूनेबद्दल सांगायला हवं. रूने हा एवर्टचा शेजारी, चाळीस वर्षं लाकडाच्या आरागिरणीत घालवलेला, वरच्या ओठाखाली कायम तंबाखूची पुडी. त्याच्या कानात शिटी नव्हती, अख्खी गिरणी होती. गेल्या हिवाळ्यात आरोग्यकेंद्रात अशा कानांच्या लोकांसाठी दर मंगळवारी बैठक सुरू झाली, तेव्हा रूनेने एवर्टला जवळजवळ ओढूनच नेलं. एकट्याने गेलो तर लोक मला वेडा म्हणतील, दोघं गेलो तर तुला म्हणतील, असं त्याचं म्हणणं.

बैठक घेणारी तूवा जेमतेम तिशीची, पायात जाड लोकरी मोजे, आवाज हळू. एवर्टला वाटलं होतं ही काही तरी यंत्र देईल, नाही तर गोळी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमचा आवाज घालवायची विद्या माझ्याकडे नाही. मग आम्ही कशाला आलो, असं रूनेने विचारलं. तूवाने त्यावर प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हणाली, आजवर हा आवाज घालवायला काय काय केलंत ते लिहा. एवर्टने लिहिलं: पंखा, दोन स्टेशनांच्या मधला रेडिओ, कानात तेल, जस्ताच्या गोळ्या, सुया, कॉफी बंद, कॉफी परत सुरू. अशा सगळ्या मिळून तेरा गोष्टी झाल्या. मग तिने कागद उलटा करायला सांगितला. या आवाजापायी काय काय सोडलंत, ते मागे लिहा. त्या बाजूला त्याला जागा पुरली नाही. वाढदिवस, चर्चमधली गाणी, मेहुण्याकडची पत्त्यांची संध्याकाळ. सगळ्यात खाली त्याने 'काम' असं लिहिलं, आणि त्याच्यापुढे मायकेनचं नाव का लिहिलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

तूवाने तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "शिटी थांबली की मग, असं म्हणतोयस तू," ती म्हणाली. "आणि नाहीच थांबली, एवर्ट, तर तुझ्या हातांनी काय करत असावं असं तुला वाटतं?"

उत्तर त्याला येत होतं. त्याने कागदाची घडी घालून ती खिशात टाकली.

तिच्या काही गोष्टी रूनेला हास्यास्पद वाटायच्या. डोक्यात एखादा विचार आला की त्याच्या तालावर नाचू नका, आधी नुसतं म्हणा, की माझ्या मनात असा असा विचार येतोय. पुढे काय करायचं ते नंतर ठरवा. रूने घरी जाताना गाडीत सुरू व्हायचा. माझ्या मनात असा विचार येतोय की एवर्टच्या गाडीला वंगण लागतंय. माझ्या मनात असा विचार येतोय की आज जेवायला परत हेरिंग मासाच आहे. एवर्ट हसायचा. घरचा अभ्यास मात्र दोघंही गुपचूप करायचे: रोज दहा मिनिटं पंखा, रेडिओ सगळं बंद करून बसायचं आणि जो काही आवाज येईल तो येऊ द्यायचा. पहिल्या आठवड्यात एवर्टला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सहाव्या आठवड्यात त्याला शिटीच्या पलीकडे घड्याळ ऐकू आलं. ते घड्याळ बंद पडलंय, असं तो चार वर्षं समजून चालला होता.

तर इल्वा येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रूने कुंपणापाशी उभा होता. एवर्टने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाला, दुधाने तोंड पोळलंय माझं, परत हसं करून घ्यायला मी जाणार नाही.

"नको जाऊस," रूने म्हणाला. त्याने ओठाखालची पुडी जिभेने सरकवली. "शिटी आणि तू, दोघं बसा घरी. जोडा शोभतोय."

एवर्टला राग आला. तो रागारागातच तळघरात गेला आणि बटाट्यांची खोकी बाजूला करायला लागला.

पाच जून, बुधवार. हॉलमध्ये फांद्या लागलेल्या होत्या. तोच वास आला आणि एवर्ट दारातच थबकला, कारण शिडी रिकामी होती. मग तो आत गेला, पियानोची वरची फळी काढली आणि मधल्या सुरांपासून सुरुवात केली. आठ वर्षांत तारा पार उतरल्या होत्या, सगळ्या पियानोवरून दोनदा फिरावं लागणार होतं. हॉल शांत होता आणि शांततेत शिटी नेहमीच माजते. पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या डोक्यात सुरू झालं: तू हे परत नासवणार. सगळ्यांसमोर नासवणार. हात किल्लीवरून सुटला. मग एवर्ट मोठ्याने म्हणाला, "माझ्या मनात असा विचार येतोय की मी हे परत नासवणार." रिकाम्या हॉलमध्ये ते इतकं बावळट ऐकू आलं की त्याला रूनेची आठवण होऊन हसू फुटलं. विचार गेला नाही, बसून राहिला. एवर्टने पुढची तार घेतली. हेलकावा मंदावला, मंदावला, थांबला. हातांनी काहीच विसरलेलं नव्हतं.

दुपारनंतर तो वरच्या टोकाला पोहोचला. शेवटचे सात सूर. त्याने कळ दाबली आणि त्याला फक्त शिटी ऐकू आली. दुसरी कळ, शिटी. इथे हिशेब स्पष्ट होता: अंदाजाने लावून मोकळं व्हायचं, कोणाला कळणारही नाही कदाचित, किंवा पिशवी उचलून मागच्या दाराने घरी जायचं. आठ वर्षांपूर्वीच्या एवर्टने यातलंच काही तरी केलं असतं. तो बाकावर बसून राहिला. मग तो उठला आणि इल्वाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षांच्या धंद्यात जे कधी कोणापुढे बोलला नव्हता ते बोलला.

"वरचे सात सूर मला ऐकू येत नाहीत. तू ऐक आणि मला सांग."

इल्वा आली. त्याने तिला हेलकावा म्हणजे काय ते एका मधल्या सुरावर दाखवलं, आणि तो थांबला की हात वर कर म्हणून सांगितलं. तो किल्ली फिरवायचा, कळ ठोकायचा, आणि तारेकडे न बघता तिच्या हाताकडे बघायचा. ती डोळे मिटून ऐकत होती. हात वर गेला की तो सोडायचा. सात सुरांना पाऊण तास लागला. एकदा तिने हात वर केला आणि लगेच खाली घेतला, थांब, अजून जरासं आहे म्हणाली, आणि एवर्टला वाटलं, मायकेनने हिला काय छान शिकवलंय.

काम संपल्यावर तो गुडघ्यांवर बसला आणि पायाजवळची फळी काढली. पेडल तपासायचं होतं, आणि दुसरंही एक काम होतं. पियानो लावणारे लोक काम झालं की आत कुठे तरी पेन्सिलीने तारीख आणि नाव टाकतात. एवर्ट या फळीच्या आतल्या बाजूला टाकायचा. चौतीस ओळी, एकाखाली एक, पहिल्या अगदी ठसठशीत, मग वयाबरोबर बारीक होत गेलेल्या. शेवटची दोन हजार सोळाची. त्याने पेन्सिल काढली आणि हात तसाच राहिला. शेवटच्या ओळीखाली मायकेनचं गोल अक्षर होतं.

२०१७. एवर्ट आला नाही. तरी वाजवला.

२०१८. एवर्ट आला नाही. वरचे सूर तसेच वाकडे. तरी वाजवला.

२०१९. बोटं दुखतात. एवर्ट आला नाही. तरी वाजवला.

त्याच्या खाली एक ओळ बसेल एवढी मोकळी जागा सोडून तिने पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती, मुलांना वहीत मारून द्यायची तशी.

एवर्ट जमिनीवर बसला आणि रडला. चांगला आवाज करून रडला. इल्वाने वाकून फळीवरचं वाचलं आणि ती त्याच्या शेजारी खाली बसली.

"मी शिटी थांबायची वाट बघत होतो," तो म्हणाला. "आणि ही माझी."

त्याने डोळे पुसले, चष्मा लावला आणि त्या रेघेवर लिहिलं: ५ जून २०२४. आलो. एवर्ट. मग फळी जागेवर बसवून त्याने दोन्ही कड्या लावल्या, हत्यारं पिशवीत भरली आणि जाऊन पायरीवर बसला. वाजव काही तरी, असं त्याने इल्वाला सांगितलं. तिने विचारलं, काय वाजवू. तो म्हणाला, मनाला येईल ते.

तिने वाजवायला घेतलं. कानात शिटी होती, तशीच, बारीक आणि उंच. एवर्टने शिटीसकट सगळं ऐकलं.