एवढी म्हणजे केवढी?

मी अर्कान्सासमधल्या लाकडाच्या गिरणीतली गोल करवत बोलते आहे. विधात्याने कुणाला नामस्मरणासाठी जिव्हा दिली. माझ्या वाट्याला केवळ दात आले.

गिरणीतला कामगार ओझेल बॅटिस्ट मला तेल घालताना भजन गुणगुणे. सोबती चिडवत, "ओझेलबुवा, हिला देवळात बसवणार की काय?"

"बसवीन. तुमच्यापेक्षा कमी बोलते रे ती!"

एका सकाळी ओंडका उसळला. माझ्यावरच्या लोखंडी आच्छादनाच्या फटीतून ओझेलचा उजवा हात आत आला, आणि मला थांबता आले नाही. मांस, हाड, पुन्हा मांस. त्याची किंकाळी माझ्या गर्जनेच्या वर चढली. भुशाचा लाल चिखल झाला.

मला घडवणारी कंपनी म्हणाली, "फट नव्हतीच. हात यानेच घातला." ओझेलने दावा लावला.

ज्यूरीच्या बारा पंचांसमोर मला मेजावर मांडले, आच्छादनाचा बोल्ट पक्का आवळला. ओझेलने उरलेली डावी मूठ फटीत सरकवली. "एवढी होती." मूठ सहज आत गेली. एका पंचबाईने डोळे मिटले. कौल ओझेलच्या बाजूने लागला.

मात्र त्याच्या वकील हॅडॉक्सबाई एक गोष्ट विसरल्या. साक्षीदाराने हाताने काय दाखवले, ते वकिलाला मोठ्याने उच्चारावे लागते. तरच लेखनिक टिपतो. कागदावर उतरले ते फक्त 'एवढी'.

कंपनीने अपील केले. वरच्या न्यायालयात साक्ष नसते. लिहिलेले तेवढेच वाचतात. मी आणि आच्छादन खोक्यात सुटे पडलो होतो, फट मोजायला उरली नव्हती.

कंपनीचे वकील म्हणाले, "एवढी म्हणजे केवढी, न्यायमूर्ती? मुंगीएवढी की बैलाएवढी?"

हशा पिकला. मागच्या बाकावर ओझेलने थोटा दंड वर केला. त्याला बोलण्याची मुभा नव्हती.

हॅडॉक्सबाई उठल्या. "चूक माझी. शिक्षा याला नको."

न्यायमूर्ती ट्रेडवेबाईंनी कंपनीच्या वकिलांकडे पाहिले. "त्याने मूठ सरकवली तेव्हा आपण तिथे होतात?"

"होतो."

"मग 'मूठ आत गेलीच नाही' असे त्याच क्षणी का नाही म्हणालात?"

वकीलसाहेब खाली बसले.

पुढे निकाल आला: 'पंचांनी पाहिले, आम्ही पाहिले नाही. न पाहणाऱ्याने पाहणाऱ्याला खोटे ठरवू नये.' कौल कायम.

हॅडॉक्सबाईंसोबत ओझेल माझ्या खोक्याशी आला. "म्हणजे हात मी मुद्दाम घातला नव्हता ना, बाई?"

"नव्हता, ओझेल."

तो लहान मुलासारखा रडला.

आता मी न्यायालयाच्या कोठीत आहे. दातांच्या खोबणीत त्याचे रक्त सुकले आहे. ते धुऊ नका, बाबांनो. माझी धार मात्र कुणीतरी कानशीने घासून बोथट करून टाका.