वीस मिनिटांचा ट्रॅक्टर

रावजीचा ट्रॅक्टर वीस मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. आधी आवाज जड व्हायचा, मग दोन-चार आचके, आणि मग अशी शांतता, की खालच्या वाडीतलं हसू रावजीला स्पष्ट ऐकू यायचं. त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर नेमकी खालच्या वाडीची विहीर होती. म्हणजे ट्रॅक्टर मरायचा तो विहिरीपाशी, आणि विहिरीवर बायका असायच्याच.

"काय रावजीभाव, त्येला पन तान लागली काय?" कमळा विचारायची. पहिल्या दिवशी ते गमतीचं होतं. आठव्या दिवशीही तिने तेच विचारलं, तेव्हा हातातला पाना विहिरीत भिरकावून द्यावा असं रावजीला वाटलं. पाना मेस्त्रीचा होता म्हणून राहिला.

हे सगळं शहाऐंशी सालच्या माघ-फाल्गुनातलं. मुंबईच्या गोदीत वीस वर्षं पहारा करून रावजी तळेकोंडला परत आला होता. तळेकोंड पालीपासून आत चार मैलांवर. ट्रॅक्टर घेणार म्हटल्यावर गावाने त्याला वेड्यात काढलं. कोकणात ट्रॅक्टर? कातळावर नांगर चालवणार की काय? रुमालाएवढ्या भाताच्या कुणग्यांत तो वळवणार कुठे? रावजी प्रत्येकाला तेच सांगत सुटला, की नांगर राहू दे, खाणीवरून चिरे आणीन, बागांना शेणखत नेईन, आंब्याच्या पेट्या पालीला पोचवीन. इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून बसला होता, की आता ट्रॅक्टर बंद पडला की त्याचीच बोलती बंद व्हायची.

पण त्याचा खरा राग ट्रॅक्टरवर नव्हता. जमालवर होता.

जमाल राजापूरकडच्या नाटे गावचा. बोटीवर इंजिनखात्यात कामाला. गोदीत दोघांची ओळख झाली आणि ती घट्ट होत गेली. बोटीवर चढताना जमाल आपली पत्र्याची ट्रंक रावजीच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवून जायचा, किल्लीसकट. बारा वर्षं ठेवली. परत आल्यावर ट्रंक खांद्यावर घ्यायचा आणि चालू लागायचा. काही गेलंय का, हे त्याने उघडून एकदाही बघितलं नाही. रावजीला या गोष्टीचा फार अभिमान होता. पाहुण्यारावळ्यांत तो ती आवर्जून सांगायचा.

घाटावरच्या एका बागायतदाराकडे जुना ट्रॅक्टर विकाऊ आहे असं कळलं, तेव्हा रजेवर आलेल्या जमालला घेऊनच रावजी गेला. मालकाने ट्रॅक्टर धडधडत तयार ठेवला होता. जमालने बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "बंद करा. थंड होऊ दे. गरम इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं."

मालकाचं तोंड आंबट झालं. दीड तास दोघे उसाच्या बांधावर बसून राहिले. मग थंड इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. जमालने धूर बघितला, तेलाची पट्टी काढून बोटांवर तेल चोळलं, डोळे मिटून बराच वेळ नुसतं ऐकलं.

"रंग गेलाय, सीट फाटलीय," तो म्हणाला. "पन इंजिन खरं हाय. घे."

रावजीने घेतला. आंबा घाट उतरून पालीमार्गे तो थेट तळेकोंडात आला. दिवसभराच्या वाटेत ट्रॅक्टर एकदा खोकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. धोंडू गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा रावजी वाहन घेवन आलाय, त्येच्या चाकाला यश दे, कोनाची वाकडी नजर असंल ती मागं सार!" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" शेंदूर लावायची वेळ आली तेव्हा ट्रॅक्टरचं कपाळ कुठलं, यावर थोडा वाद झाला. बॉनेटचा उरलासुरला रंग बिघडायला नको म्हणून रावजीने स्वतःच निकाल दिला. बॉनेटच्या वर, चालवणाऱ्याच्या समोर, डिझेलच्या टाकीचं गोल लोखंडी झाकण होतं. कपाळासारखं तेच. तेलात कालवलेला शेंदूर त्याने अंगठ्याने त्यावर चांगला दाबून बसवला.

त्याच दिवशी ट्रॅक्टर विहिरीपाशी पहिल्यांदा बंद पडला.

पालीचा हरिश्चंद्र मेस्त्री सायकलवरून आला. झाकण फिरवलं, फस्सकन आवाज झाला. काठी घालून बघितलं, डिझेल भरपूर. "एअर धरल्यान," तो म्हणाला, म्हणजे नळीत हवा अडकली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्याने पंप मारला, फेस जाऊन निव्वळ डिझेल यायला लागल्यावर स्क्रू आवळला आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टर चालू. "बगा!" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वीस मिनिटांनी ट्रॅक्टर मेला.

पुढचे तीन आठवडे हेच. हरिश्चंद्राने फिल्टर बदलला, नळी बदलली, नोझल कोल्हापूरला पाठवून दुरुस्त करून आणले. प्रत्येक वेळी टाकी उघडून बघायची, एअर काढायची, ट्रॅक्टर चालू व्हायचा आणि मेस्त्री "बगा!" म्हणायचा. त्या "बगा!"ने रावजीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी हरिश्चंद्रानेही हात टेकले. "रावजीभाव, माज्या अकलेच्या भायेरचा हाय ह्यो," म्हणाला. धोंडू गुरवाचं म्हणणं, पहिलं गाऱ्हाणं नीट पोचलं नसेल. म्हणून दर दुरुस्तीनंतर नवा नारळ, नवं गाऱ्हाणं आणि झाकणावर जुन्या शेंदरावर नवा शेंदूर. रावजी स्वतःच्या अंगठ्याने लावायचा, दर वेळी थोडा जास्त.

रात्रंदिवस एकच विचार त्याला कुरतडत होता. घाट उतरताना दिवसभर चालला, मग आता वीस मिनिटांत कसा मरतो? म्हणजे विकणाऱ्याने काहीतरी करून एका दिवसापुरता चालता केला. आणि जमालसारख्याला ते कळलं नाही? बोटीच्या इंजिनांत जन्म गेलेल्याला? कळलं असणारच. एकदा या वाटेला लागल्यावर रावजी थांबला नाही. बागायतदाराचा पत्ता जमालनेच काढला होता. त्याचा कोणीतरी ओळखीचा असणार. ओळखीच्याची अडगळ गेली आणि ती आपल्या गळ्यात पडली.

पालीच्या बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर मेस्त्रीच्या दुकानासमोर उभा होता. कुणाकडून तरी ऐकून जमाल एसटीने आला. उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "रावजी, बंद पडताना एकदम पडतो की हळूहळू दम सोडतो?"

"तुला काय करायचाय?" रावजी ओरडला. "ओळकीच्याचं भंगार माज्या गळ्यात बांधलंस, आनि आता नाडी बगतंस? बारा वर्षांचा सोबती म्हनून डोळे झाकून इश्वास ठेवला मी!"

बाजार थांबला. मासळीवाल्या बायकांपासून गुळाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळे बघू लागले. धोंडू गुरवही होता. जमाल पुढे झाला. ट्रॅक्टरकडे गेला, लालभडक झाकणाकडे बघत उभा राहिला, आणि त्याचा हात तिकडे गेला.

"माज्या गाडीला हात लावू नको!"

जमालने हात मागे घेतला. गर्दीकडे बघितलं, रावजीकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता, बोलला नाही. राजापूरकडची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसला. रावजीला वाटलं, बघा, बोलायला तोंड नाही.

चार दिवसांनी निळं आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं. "चुलीत घाल," रावजी गोदाला म्हणाला. गोदा, त्याची बायको, संसारात फारसं न बोलता आपल्याला हवं तेच करणारी बाई. तिने पत्र चुलीत न घालता देव्हाऱ्याखालच्या फळीत सरकवून ठेवलं.

मग एका सकाळी ट्रॅक्टर पुन्हा विहिरीपाशी मेला आणि कमळाने काही विचारलंसुद्धा नाही, नुसती कळशी कमरेवर घेऊन हळहळल्यासारखं बघितलं. ती कीव रावजीला चेष्टेपेक्षा जास्त लागली. थांबत थांबत, झाकण उघडून, एअर काढून त्याने ट्रॅक्टर कसाबसा घरी आणला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "उद्या रत्नागिरीच्या भंगारवाल्याला बोलवतो. तोडून नेऊ दे. संपवून टाकतो एकदाचं."

"भंगारात घालायच्या आदी त्यांनी काय लिवलंय ता तरी ऐका," गोदा म्हणाली. तिने डोक्यातला आकडा काढून पत्र फोडलं. चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. रावजी तोंड फिरवून उभा राहिला, पण आत गेला नाही.

"रावजी, टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जावी लागते. ते शेंदराने बुजलंय. हवा नाही, म्हणून डिझेल उतरत नाही आणि इंजिन हळूहळू मरतं. मेस्त्री टाकी उघडतो, हवा आत जाते, म्हणून पुन्हा चालू होतं. त्याला वाटतं, आपण एअर काढली. शेंदूर पूस आणि भोकात स्टोव्हची पिन घाल. बाजारात बोललो असतो, पण सगळे तुला हसले असते. आणि तुमच्या देवाचा शेंदूर मी पुसणं बरं नव्हे. चालू झाला की ये. मी अजून बारा दिवस आहे. जमाल."

गोदाने पत्राची घडी घातली. मग आत जाऊन स्टोव्हची पिन घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली.

शेंदराचा थर नखाने निघेना. चाकूने खरवडल्यावर खाली लोखंड दिसलं आणि लोखंडात मोहरीएवढं भोक. रावजीने पिन घातली. आरपार गेली. स्वतःच्या अंगठ्याकडे त्याला बघवेना. मग त्याने पत्रावरची तारीख बघितली आणि बोटं मोजली. आज तेरावा दिवस होता.

"कुटं चाललाव?" गोदाने विचारलं. तो सीटवर चढलासुद्धा होता.

विहीर आली आणि गेली. बायका बघत राहिल्या. ज्या क्षणाची एवढे दिवस वाट बघितली तो क्षण हा असा आला, आणि रावजीने मान वळवूनही बघितलं नाही. पालीला डिझेल भरलं. लांजा गेलं, राजापूर गेलं. ट्रॅक्टर एका सुरात चालत होता. जमालने सांगितलं होतं तसाच, खरा. भर बाजारात शिव्या खाताना तो माणूस विचार करत होता तो रावजीला कुणी हसू नये याचा. हे आठवलं की रावजी पाय आणखी दाबायचा. जुना ट्रॅक्टर त्याच्या परीने पळत होता. एखादा दिवस इकडेतिकडे होतोच, रावजी मनाशी म्हणत होता. बोटींचं काय, त्या कधी वेळेवर सुटल्यात?

नाट्याला पोचेस्तोवर दुपार कलली. ट्रॅक्टर बंद करायचा त्याला धीर होईना. चालूच ठेवून तो जमालच्या दारात गेला. जमालची बायको हाजरा बाहेर आली. तिने आधी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडे बघितलं.

"रावजीभाव, आज आलाव?" ती म्हणाली. "ते काल गेले. परवाची बोट हाय मुंबईहून."

रावजी पायरीवरच बसला. हाजराने पाणी आणून दिलं.

"पत्र टाकलं त्या दिसापासून रोज पडवीत बसायचे," ती म्हणाली. "म्हनायचे, एका पिनेचं काम हाय, पत्र वाचल्याबरोबर चालू होईल. रावजी ट्रॅक्टर घेवनच येईल बघ. रस्त्याला काय वाजलं की उठायचे. ट्रक असायचा. त्यांना आवाजावरनं बसल्या जागी कळायचं ट्रक हाय ते. तरी उठायचे."

"जाताना काय बोलला?"

"बोलले, चालू तर कवाच झाला असंल. तरी नाय आला म्हंजे मनातनंच काढला त्यानं मला."

रावजीने ओंजळीने तोंड झाकलं. मग त्याने कंपनीचा पत्ता मागितला. पत्र बोटीवर पोचायला दीड-दोन महिने लागतात, ती म्हणाली. लागू दे, म्हणाला. तिने कागद आणि पेन आणून दिलं. त्याने गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, "जमाल, तुझं पत्र मी आज वाचलं."

पुढे काय लिहायचं ते त्याला सुचेना. बाहेर ट्रॅक्टर चालू होता.