पितळी पेला

सारजाबाईंना संशय आला तो प्राचीच्या नखांवरून. सातवा महिना लागलेली सून रोज दुपारी शेजारी भाड्यानं राहणाऱ्या तेजस्विनीकडं ‘जरा बसून येते’ म्हणून जायची आणि नखांत हिरवा रंग घेऊन परतायची. नुसतं बसून कुणाची नखं रंगतात होय?

ती तेजस्विनी चित्रकार, आणि बाया काढायची त्याही तसल्याच. एकीच्या केसांत सुगरणीचे खोपे, दुसरीच्या पाठीतून केळ उगवलेली. उद्या पोटुशी सून हिनं समोर बसवून काढली, चारचौघांची नजर लागली, तर नातवाचं काय? आणि नातूच होणार, याची तजवीज सारजाबाईंनी केली होती. बाजारातल्या वैदूकडची पूड त्या रोज सकाळी प्राचीच्या दुधात गुपचूप कालवत.

शेवटी एका दुपारी चपला हातात घेऊन त्या तिच्या मागोमाग गेल्या. तेजस्विनी बाहेर गेली होती, दार नुसतं लोटलेलं. समोरच चित्र. उसाच्या सरीत आडवी झालेली बाई, तोंडावळा प्राचीचा. पोट आरपार दिसणारं आणि आत बिबट्याचं पिल्लू झोपलेलं. बाईच्या हातात काठाला चेमटलेला पितळी पेला. तो घरातलाच होता. त्यातलं दूध ती मुळाशी ओतत होती आणि तेवढाच ऊस वाळला होता.

सारजाबाईंनी हातातल्या चपला खाली टाकल्या.

“तिनं काढलं का गं हे?”

“मी काढलं,” कोपऱ्यात ब्रश धूत बसलेली प्राची म्हणाली. “बाई नुस्त्या शिकवत्यात.”

“आन् ह्यो पेला?”

“पयल्याच दिवशी दुधाला वास आला व्हता, आई. मी प्यालेच न्हाई कधी, तगरीच्या मुळाशी वतत आले. परसातली ती तगर वाळली, तुमी हुमणीच्या किडीला दोष देत बसला.”

सारजाबाईंना आठवलं, तगर मुळापासून गेली होती.

“गेल्या साली ऊसतोडीत बिबट्या वाघिणीची पिल्लं घावली,” प्राची म्हणाली. “फॉरेस्टवाल्यांनी क्रेटात घालून तिथंच ठिवली. वाघीण आली आन् तोंडात धरून घिऊन गेली. नर का मादी, बगत बसली न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाईंनी तोच पेला नुसत्या दुधानं भरला. सुनेसमोर उभ्या राहून आधी स्वतः दोन घोट घेतले, मग पेला पुढं केला.

प्राचीनं तो घेतला आणि नाकाशी नेऊन हुंगला. सारजाबाई खाली मान घालून थांबल्या.