मला जपून ठेवू नका

मी एक लेन्स बोलतेय. डाव्या डोळ्याची, एका दिवसाची. हळू बोलतेय, कारण आवाज चढवण्याइतकं अंगच मला दिलेलं नाही.

माझा जन्म साच्यात झाला म्हणे, पण तो काही मला आठवत नाही. आठवते ती इवल्याशा वाटीतली, खारट पाण्यातली झोप. वर चंदेरी छत, चहूकडे ओलावा. स्वप्न एकच पडायचं: कुणीतरी छत उघडतंय आणि मी उजेडात तरंगत चाललेय.

आज सकाळी ते खरं झालं. धुऊन कोरडं केलेलं एक बोट आत आलं. त्याच्या टोकाला पटाशी लागल्याची जुनी खूण होती. ही बाई लाकडाची खेळणी घडवते. मी सुलटी आहे ना, हे तिने उजेडात धरून पाहिलं आणि मला अलगद डोळ्यात घेतलं. माझी जुळी बहीण उजवीकडे गेली. आमची भेट तेवढीच.

तिच्या कारखान्यात भुसा नुसता उडत असतो. नाकातोंडाला फडकं बांधलं की चष्म्यावर वाफ धरते, म्हणून आम्ही. वरून गॉगल असतो, तरी बारीक धूळ चोरपावलांनी शिरतेच. पूर्वी ती महिनाभर चालणारी लेन्स घालायची. डोळ्यात भुसा गेला की ती लेन्स काढून ताटली विसळावी तशी नळाखाली धरायची आणि पुन्हा डोळ्यात! शेवटी डाव्या डोळ्याला जखम झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "धुळीत काम करता ना? मग रोज नवी घाला, संध्याकाळी फेकून द्या. पुन्हा असं झालं तर डोळा हातचा जाईल."

दिवसभर मी तिच्या डोळ्यातल्या पाण्यावर तरंगत होते. पापणी मिटली की मला गुंगी यायची, उघडली की समोर तोच डोलणारा घोडा. बाईच्या बहिणीच्या लेकीचा उद्या वाढदिवस, त्या पोरीसाठी. पाठ गुळगुळीत झाली, आयाळ झाली. डोळे तेवढे कोरून रंगवायचे राहिले आणि बाहेर अंधारून आलं.

तिने हात धुतले, मला काढलं, पण फेकलं नाही. आमचा डबा रिकामा होता, नवा परवा येणार होता आणि घोड्याचे डोळे तर उद्या सकाळीच कोरायचे होते. मला रात्रभर ठेवायला तिने एका वाटीत नळाचं पाणी घेतलं.

मी घाबरले. दिवसभराची धूळ माझ्या अंगात मुरलेली. उद्या मी तिला काय देणार होते, जखमेशिवाय?

"काय चाललंय गं?" दारातून तिचे बाबा म्हणाले. तिला रंधा धरायला त्यांनीच शिकवलेलं.

"एकच दिवस वापरते, बाबा. पोरीला शब्द दिलाय."

"घोड्याला डोळे देता देता स्वतःचा देऊन बसशील."

"मग काय आंधळा घोडा नेऊ?"

"ने की! बसणार आहे ना ती त्याच्यावर? वाट ती दाखवेल त्याला."

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी मी तिथे नव्हते. याचं मला जरा वाईट वाटलं. तिने वाटी ओतून टाकली आणि मला कचऱ्याच्या डब्यात सोडलं.

आता मी घोड्याच्याच भुशावर पडलेय. कडेकडेने वाळतेय, पुन्हा झोप येतेय. आम्हाला जपा, असं बाकीच्या वस्तू सांगत असतील. माझं मागणं उलटं आहे. बायांनो, बाबांनो, माझा दिवस संपला की मला खुशाल टाकून द्या.

वर ती चष्मा पुसतेय. आता घोड्याकडे बघत बसेल थोडा वेळ. दोन्ही डोळ्यांनी.