व्यवसायाचा रकाना

माझ्या थोरल्या जावेचा व्यवसाय काय, हे ठरवायला जाऊबाई, त्यांचे यजमान म्हणजे माझे भाऊजी आणि मी, असे आम्ही तिघं परवाना कार्यालयात गेलो होतो. हसू नका. भाऊजींच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि होडीत चढणं कायमचं बंद झालं. होडीचा परवाना जाऊबाईंच्या नावावर झाला नाही, तर तो रद्द होणार होता. आणि परवाना मिळतो फक्त मासेमाराला. जाऊबाईंच्या रेशनकार्डावर होतं 'गृहिणी'.

चूक आमचीच. आमच्या वस्तीत जो होडीतून खोल पाण्यात जातो, तोच मासेमार. जी ओहोटीला गुडघाभर पाण्यात खुंटांना जाळं बांधते, पुढच्या ओहोटीला मासे काढून आणते, फाटलेलं जाळं सांधत बसते, ती नुसती कुणाची तरी बायको. जाऊबाईसुद्धा स्वतःला मासेमार म्हणवत नव्हत्या.

कारकून भला माणूस होता. त्यानं भाऊजींनाच विचारलं, "काका, काकू काय काम करतात?"

"काही नाही. घरीच असते," भाऊजी सवयीनं बोलून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाईंनी मात्र दोऱ्यानं चिरलेली बोटं मुठीत मिटून घेतली.

कारकुनानं सुस्कारा टाकला. "बरं, होडीची माहिती तरी भरू. जाळ्याची भोकं केवढी?"

भाऊजी बायकोकडे वळले. "केवढी गं?"

"तीन बोटं. खुंटावरच्या जाळ्याची दोन."

"दोर किती लांब?"

"सांग की गं!"

"चाळीस वाव. गेल्या साली सहा वाव दोर मीच जोडला."

"थंडीत जाळं कुठं टाकता?"

"खडकामागं," भाऊजी म्हणाले आणि अडखळले. "नाही, तिथं गाळ साचलाय. हिनं बजावलं, म्हणून दोन वर्षं मी पलीकडे जात होतो."

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. बायकोकडे बघायचं त्यांना धाडस होईना. "साहेब, मघाशी मी चुकीचं बोललो. ही मासेमार आहे. माझ्याइतकीच."

कारकुनानं मान डोलावली आणि फॉर्म पुढं ओढला. "आणि काका, यात पतीचाही व्यवसाय लागतो. आता तुमचं काय? 'काही नाही' टाकू?"

बरं झालं, असं क्षणभर मला वाटलं, खोटं कशाला बोलू! पण भाऊजींचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसला होता.

"मासेमारच लिहा," जाऊबाई ठणकावून म्हणाल्या. "यांची कंबर कामातून गेलीय, माणूस नाही!"

भाऊजी टेबलाला धरून, कळ सोसत उभे राहिले.

"आधी हिचं लिहा," ते म्हणाले.